बहात्तर किलोमीटर आणि एक पिशवी

अठ्ठावीस वर्षांत जहूर एकदाही रिकाम्या हाताने कुठे गेला नव्हता. तसा तो गेला होता दोनच ठिकाणी, दुबईहून रत्नागिरीला आणि रत्नागिरीहून दुबईला. पण जाताना कुणाच्या आईचं ब्लडप्रेशरचं मशीन, कुणाच्या मेहुण्याचा मोबाइल, कुणाच्या बाळंतिणीसाठी बदाम. येताना कुणाचे सुके बोंबील, कुणाचं लोणचं, कुणाच्या लग्नाचा अल्बम. त्याचे स्वतःचे चार शर्ट नेहमी शेवटी, उरलेल्या फटीत. गावाकडच्या माणसांची ही रीतच आहे. कुणी निघाला असं कळलं की त्याच्या दाराशी पिशव्या जमतात, आणि हातात दिलेली वस्तू म्हणजे अमानत. ती पोचवायची, तिथे सबब चालत नाही. "तू चाललायसच ना," असं म्हणत माणसं पिशवी पुढे करतात आणि भलेभले तिथे हात टेकतात. जहूर तर मुळातच मऊ माणूस.

रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये तो ट्रकच्या ब्रेकचं काम करतो, फोरमन आहे. वय चौपन्न. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून घाबरवलं तेव्हा त्याची लेक नबिला हिने सायकल सुचवली. तो भीतीपोटी सायकलवर बसला आणि चार महिन्यांत त्याला तिचं वेड लागलं. मग त्याने ग्रॅव्हल बाईक घेतली, म्हणजे खडीच्या आणि मातीच्या वाटांवर पळवायची सायकल, टायर जाड आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. त्याची बायको हव्वाबी हिने सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अठराशे दिरहम. म्हणजे बेचाळीस हजार रुपये. आणि हिला स्टँडसुद्धा नाही?"

दर रविवारी पहाटे तो क्लबबरोबर जाई. क्लबचा कारभार सूर्यकांत पाहायचा. अल मनखूलला राहणारा, मूळचा पुण्याचा इंजिनिअर, आणि घड्याळाच्या बाबतीत पुण्याचं नाव राखणारा. साडेसहा म्हणजे साडेसहा. सहा एकतीसला आलेल्या माणसाकडे तो अशा नजरेने पाही की त्या माणसाने पुढच्या रविवारी पाच वाजताच येऊन बसावं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो स्वतः चालवत नव्हता, त्यामुळे त्याची सगळी शिस्त इतरांच्या वाट्याला आली होती. जहूरचं मात्र त्याच्याशी छान जुळलं होतं.

या सूर्यकांतनेच आठ महिन्यांपूर्वी क्लबच्या ग्रुपवर एक नकाशा टाकला. इंग्लंडमधल्या एका क्लबची मे महिन्यातली राइड. दोन दिवस, एकशे साठ किलोमीटर. शेतांच्या कडेने, ओकच्या रानातून आणि तीन मोठ्या जलाशयांना वळसा घालून. दुबईच्या क्लबला चार जागा मिळाल्या होत्या. जहूरने तो नकाशा मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा करून पाहिला, आणि त्या दिवसापासून तो माणूस अर्धा इंग्लंडमध्येच राहायला गेला. कुठे चढ आहे, कुठे दगडी पूल आहे, कोणत्या वळणावर रान संपून एकदम पाणी दिसतं, सगळं त्याला तोंडपाठ. त्या वाटेवर शेतांची सत्तावीस फाटकं आहेत आणि उघडलेलं प्रत्येक फाटक आपल्यामागे लावून घ्यायचं असतं, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. जहूर वर्कशॉपच्या फाटकावर सायकलवरून न उतरता फाटक उघडायचा सराव करू लागला. वॉचमन रामेश्वर पहिल्या दिवशी घाबरला, दुसऱ्या दिवशी हसला आणि तिसऱ्या दिवसापासून त्याने सेकंद मोजायला सुरुवात केली.

पण खरी गोष्ट जहूरने कुणालाच सांगितली नव्हती. हिरवळ, पाणी, रान हे सगळं होतंच. त्यापेक्षा त्याला भुलवलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या वाटेवर त्याच्या गावचं कुणी राहत नव्हतं. तिथे पिशवीची वाट पाहणारं कुणी नव्हतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्याला हात हलवत जायचं होतं आणि हात हलवत परत यायचं होतं.

चारपैकी तीन जागा क्लबच्या पळणाऱ्या पोरांनी घेतल्या. चौथी सूर्यकांतने पन्नाशीपुढच्या माणसासाठी राखली होती, पण त्याची एक अट होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, शहरापासून लांब, हत्ता नावाच्या डोंगराळ भागात बहात्तर किलोमीटर, चार तासांच्या आत. साडेसहाला निघायचं, साडेदहाच्या आत धरणाच्या भिंतीवर पोचायचं. नाही पोचला तर जागा रोनितला, जो सत्तावीस वर्षांचा होता आणि पायाला वंगण लावल्यासारखा चालवायचा. यात कुणाची गय नाही, असं सूर्यकांतने जहूरला चहा पाजून, प्रेमाने सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी हम्मादभाईचा फोन आला. हम्मादभाई गावचा, वयाने मोठा, दुबईच्या देरा भागात त्याचं ट्रेडिंगचं ऑफिस. तू उद्या हत्त्याला चाललायसच ना, अशी त्याने सुरुवात केली. आपण सायकलने चाललोय, दगडांतून चाललोय, वेळेची शर्यत आहे, हे जहूरने परोपरीने सांगितलं. हम्मादभाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग कॅरिअर असेलच की.

गोष्ट अशी होती की गावचा मुझम्मिल हत्त्याजवळच्या एका खजुराच्या बागेवर कामाला होता. तीन वर्षं घरी गेला नव्हता. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने शुक्रवारी आयुष्यात पहिल्यांदा सांदणं केली होती, तांदळाच्या रव्याची, वाफवून, एकटीने. ती शनिवारच्या विमानाने एकाच्या हातून दुबईत आली होती. सांदणं रविवारपर्यंत कशीबशी टिकली असती, पुढे नाही. आणि रविवारी दुपारी मालक मुझम्मिलला लिव्याच्या बागेवर घेऊन जाणार होता, तीनशे-साडेतीनशे किलोमीटर लांब. मुझम्मिल वाटेवरच, मोठ्या घाफच्या झाडाखाली उभा राहील, जहूरने नुसतं हात लांब करून द्यायचं, एक मिनिट लागणार नाही, असं हम्मादभाईने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

पिशवी घरी आली तेव्हा तिच्यात सांदणांचा डबा होता आणि त्याच्याबरोबर, जातंच आहे तर म्हणून, किलोभर सुके बोंबील. नबिलाने वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"अब्बा, इट्स अ रेस," ती म्हणाली. "नॉट अ कुरिअर सर्व्हिस."

"एका मिनिटाचं काम आहे," जहूर म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते खरं वाटलं नाही.

सकाळी साडेसहाला हत्त्याच्या पायथ्याशी गारवा होता. डोंगराच्या कडा नुकत्या उजळत होत्या. सूर्यकांतने जहूरच्या हँडलला बांधलेली पिशवी पाहिली, हुंगली, आणि हे काय असं भुवईनेच विचारलं. जहूरने अमानत एवढंच म्हटलं. सूर्यकांतने नियम सांगितला की वाट सोडली तर जिथून सोडली तिथेच परत यायचं, सायकलवरच्या जीपीएस यंत्रात गेल्या वाटेची रेघ उमटते, लबाडी चालणार नाही. मग त्याने घड्याळ पाहिलं, हात वर केला, आणि जहूर सुटला.

आणि काय सुटला! पहिले दहा किलोमीटर त्याला आपल्याला पाय आहेत हेच आठवलं नाही. वाडी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, गोल दगडांनी भरलेलं, टायरखाली खडखडत मागे पळत होतं. उजेड वरून खाली उतरत होता, तांबूस डोंगर एकेक करून जागे होत होते. चढावर त्याने दम राखला, उतारावर ब्रेक सोडले. ब्रेक कधी लावायचे हे ज्याला चांगलं कळतं त्याला ते कधी सोडायचे हेही कळतं, आणि या माणसाने अठ्ठावीस वर्षं दुसरं केलं काय होतं! एका वळणावर सायकल घसरली, त्याने पाय टेकून सावरली आणि एकटाच मोठ्याने हसला. तिसाव्या किलोमीटरला तो ठरवलेल्या वेळेच्या नऊ मिनिटं पुढे होता.

तिथे कुत्र्यांना बोंबलांचा वास लागला.

आधी एक उठलं, मग तीन, मग कुठून कुठून सात. डोंगरातली कुत्री, त्यांनी सुका बोंबील जन्मात पाहिला नसेल, पण ज्ञान उपजतच असावं. जहूरने आधी हाड हाड केलं, मग अरबीत यल्ला यल्ला, चला निघा, केलं, मग तोंड बंद ठेवून जीव घेऊन पॅडल मारायला लागला. एक काळं कुत्रं तर पिशवीच्या बरोबरीने धावत, वर पाहत, अगदी ओळखीच्यासारखं येत होतं. अडीच किलोमीटर ही वरात चालली. शेवटी खडकाळ चढावर कुत्री दमली आणि जहूरचा जीव भांड्यात पडला. त्याने यंत्राकडे पाहिलं तर तो आता बारा मिनिटं पुढे होता. छाती धपापत होती, पण आत कुठेतरी ताशे वाजत होते. जमणार, आज जमणार, असं त्याला पहिल्यांदाच आतून वाटलं.

शेहेचाळिसाव्या किलोमीटरला घाफचं झाड आलं, मोठं, पसरलेलं, सांगितलं होतं तसंच. झाडाखाली कुणी नव्हतं.

आठ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. जहूरने हाक मारली. डोंगराने हाक परत केली. फोनला रेंज नव्हती. डाव्या हाताला एक वाट वर जात होती, आणि तिच्या टोकाला, दोनेक किलोमीटरवर, खजुराच्या झाडांचे शेंडे दिसत होते. बाग तीच. वर जायला दहा मिनिटं, यायला पाच, शिवाय द्यायचा-घ्यायचा वेळ. हाताशी असलेली सगळी मिनिटं त्या वाटेवर संपणार होती, वर आणखी लागली असती.

त्याला राग आला. हम्मादभाईचा आला, मुझम्मिलचा आला, त्या नऊ वर्षांच्या पोरीचाही आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पिशवी झाडाला टांगून निघून जावं असंही मनात आलं. झाडामागून दोन बकऱ्या तेवढ्याच आशेने पाहत होत्या. आठ महिने मी दुसरं काही मागितलं नाही, असं तो मोठ्याने म्हणाला; ऐकायला त्या बकऱ्याच होत्या. मग तो पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं आणि शिव्या देत देत सायकल डाव्या वाटेला घातली. पिशवी पोचवायचीच होती, त्यामुळे निदान वेळ तरी दवडायचा नाही एवढंच त्याच्या हातात होतं.

मुझम्मिल बागेच्या दारातच होता. मालक ठरल्यापेक्षा लवकर आला होता, पिकअपमध्ये पाइप भरायचं काम चालू होतं आणि त्याला खाली येता आलं नव्हतं. जहूरला पाहून त्याच्या हातातला पाइप खाली पडला. पस्तिशीचा, उन्हाने काळवंडलेला माणूस, कपाळावर मातीचा पट्टा. जहूरने पिशवी पुढे केली आणि सायकल वळवली. पण मुझम्मिलने तिथेच, उभ्या उभ्या, वर्तमानपत्राची गुंडाळी फाडली आणि डबा उघडला.

आणि जहूर थांबला. थांबायचं नव्हतं, पण थांबला. अठ्ठावीस वर्षांत त्याने शेकड्यांनी पिशव्या पोचवल्या असतील, पण एकही उघडताना पाहिली नव्हती. लोक पिशवी घेत, आत नेत, चहा विचारत. उघडणं नेहमी मागाहून, पडद्याआड. त्याच्या वाट्याला फक्त ओझं आलं होतं.

डब्यात सात सांदणं होती. दोन सारखी नव्हती. एक बसकं, एक फुगलेलं, एक कडेने तुटून परत दाबून बसवलेलं. मुझम्मिलने ते तुटकं उचललं, उलटसुलट पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की जहूरला तिकडे पाहवेना आणि दुसरीकडेही पाहवेना.

"जहूरचाचा, गोल आहे ना हे?" तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. गोल आहे ना?"

"एकदम गोल," जहूर म्हणाला.

मुझम्मिल डबा घेऊन मालकाकडे धावला. बिन्ती, बिन्ती, माझ्या मुलीने केलंय, असं अरबी आणि हिंदी मिसळून सांगत सुटला. पांढरी पायघोळ कंदुरा घातलेल्या त्या म्हाताऱ्या मालकाने एक उचललं, खाल्लं, डोळे मिटून मान डोलावली आणि दुसऱ्याला हात घातला. मुझम्मिल हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता, दोन्ही एकदम. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असं तो म्हणू लागला, तेव्हा जहूरला घड्याळ आठवलं. त्याने खरं काय ते एका वाक्यात सांगितलं. मुझम्मिलने एक सांदण त्याच्या तोंडात कोंबलं, एक पाठीच्या खिशात, आणि सायकलला मागून असा धक्का दिला की जहूर बागेच्या दारातून गोफणीतल्या दगडासारखा बाहेर पडला.

झाडाखाली पोचला तेव्हा नऊ वीस झाले होते. सव्वीस किलोमीटर उरले होते, वेळ सत्तर मिनिटं, आणि मधे घाटासारखा एक चढ. रोजच्या वेगाने ऐंशी मिनिटं लागली असती. तोंडातलं सांदण अजून संपलं नव्हतं. गूळ जरा जास्त पडला होता.

पुढचं जहूरला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते तो दर वेळी वाढवून सांगतो. खरं एवढंच की तो वेड्यासारखा सुटला. हँडल हलकं झालं होतं. सायकल हलकी झाली होती. राग कुठे गेला कुणास ठाऊक. चढावर मांड्यांत गोळे आले तेव्हा तो मांड्यांना बापासारखा रागावला आणि मग आईसारखा समजावू लागला. चढ निम्मा झाला आणि पाय खरंच थांबले. त्याने सायकलवरून उतरून, ती ढकलत, दगडांतून धावायला सुरुवात केली. बूट घसरत होते, घाम डोळ्यांत जात होता. माथ्यावर पोचून त्याने पुन्हा मांड टाकली आणि खाली पाहिलं.

खाली पाणी होतं. डोंगरांच्या कुशीत हिरवंगार, निवांत, त्यावर लाल-पिवळ्या होड्या तरंगताना दिसत होत्या. आठ महिने तो फोनवर दुसऱ्या देशातल्या वळणावर रान संपून पाणी दिसताना पाहत आला होता, आणि इथे, रान नाही, गवताची काडी नाही, तरी तसंच एकदम पाणी दिसलं. जहूर ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. दहा अठ्ठावीस. त्याने ब्रेक सोडले.

धरणाच्या भिंतीवर क्लबची मंडळी उभी होती. रोनितने त्याला आधी पाहिलं आणि खरं म्हणजे सगळ्यात जास्त तोच ओरडला. सूर्यकांत घड्याळ हातात धरून खांबासारखा उभा होता. जहूरचं पुढचं चाक रेषेवरून गेलं, सायकल एकीकडे, तो दुसरीकडे, आणि तो उताणा पडून आकाशाकडे पाहत राहिला.

"चार तासांना छत्तीस सेकंद कमी," सूर्यकांत म्हणाला. आवाज नेहमीसारखाच कोरडा ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण तो जमला नाही. त्याने खाली वाकून, गुडघा दुखत असतानाही, जहूरला मिठी मारली.

मग आरडाओरडा, फोटो, पाणी डोक्यावर ओतणं. हव्वाबीला फोन झाला. ती आधी अल्हम्दुलिल्ला म्हणाली आणि मग तिने विचारलं की पिशवी पोचली का. नबिला मागून किंचाळत होती. जहूरला एवढा आनंद झाला होता की त्याला एका जागी बसवेना. मे महिना. रान, पाणी, सत्तावीस फाटकं. आणि हात मोकळे.

अर्ध्या तासाने मंडळी सायकली बसमध्ये चढवायला गेली तेव्हा सूर्यकांत त्याच्याजवळ येऊन भिंतीला टेकला. मग म्हणाला, की आमची ईश्वरी सप्टेंबरात शिकायला गेली ना, ती तिकडेच, इंग्लंडात असते. फोनवर सगळं छान म्हणते. तिच्या आईला, साधनाला, ते पटत नाही. रोज रात्री म्हणते की पोरगी खात नसणार. आजवर हा माणूस कुणाकडे काही मागताना जहूरने पाहिला नव्हता.

"साधना म्हणत होती, थोडे लाडू..." सूर्यकांत म्हणाला. "नाही, जाऊ दे. मीच सगळ्यांना सांगतो, सामान कमीत कमी न्या. तुमची पहिलीच ट्रिप आहे. विसरा."

जहूरने त्याच्याकडे पाहिलं. नको म्हणायला आज त्याला अगदी सोपं होतं, समोरच्याने स्वतःच नको म्हटलं होतं. त्याने खिशातून फोन काढला, नकाशा उघडला आणि घामाने ओली बोटं शर्टाला पुसून तो मोठा करू लागला.

"कुठे राहते ती? नाव सांगा गावाचं."

सूर्यकांतने सांगितलं. जहूरचं बोट दुसऱ्या जलाशयाशी थांबलं, तिथून एका बारीक तुटक रेघेवरून पूर्वेकडे सरकलं.

"नऊ किलोमीटर," तो म्हणाला. "रानातून वाट आहे. चढ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालो तर जाऊन येऊन सगळ्यांना गाठीन." त्याचा आवाज पुन्हा चढायला लागला होता. "लाडू द्या, चिवडा द्या, काय हवं ते द्या. फक्त एक करा, सूर्यकांतभाऊ. तिला सांगून ठेवा, डबा माझ्यासमोर उघडायचा."